एकादशीला लाईन तुटत नाही

१

लाईन गेली तेव्हा दुपारच्या जेवणाची वेळ होत आली होती. मोडेमवरचा हिरवा दिवा लुकलुकला आणि विझला. बेबीनंदानं कानावरचे हेडफोन काढून टेबलावर ठेवले. ती रडली नाही की चिडली नाही. पायात चप्पल सरकवून समोरच्या घरी गेली आणि ओसरीवर पेपर वाचत बसलेल्या तातेराव फौजदारांपुढं उभी राहिली.

"काका, माझी लाईन कुणीतरी तोडून राह्यलंय. आणि ते आमच्याच घरातलं आहे."

तातेरावांनी पेपर खाली ठेवला. निवृत्तीनंतर अंबडच्या त्या गल्लीनं त्यांच्याकडे आणलेले गुन्हे म्हणजे एक हरवलेली शेळी आणि एक पळालेला जावई. शेळी सापडली, जावयाचा शोध त्यांनी मुद्दामच लावला नाही. कम्प्युटरचं तर त्यांना काहीच कळत नव्हतं. पण ही रामकिसनची बायको होती. रामकिसनला त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलेलं. जालन्याच्या एमआयडीसीत बियाणांच्या कंपनीत कामाला होता, आणि दीड वर्षापूर्वी एका संध्याकाळी मोटारसायकलवरून घरी यायला निघाला तो आलाच नाही. रस्त्यावर टेम्पोनं त्याला उडवलं. त्या घरातून बोलावणं आलं की तातेरावांना नाही म्हणता येत नसे.

नंदानं थोडक्यात सांगितलं. दिवाळीनंतर तिनं औरंगाबादच्या एका कंपनीचं काम धरलं होतं. परदेशातल्या डॉक्टरांनी बोलून ठेवलेलं कानानं ऐकायचं, टाईप करायचं आणि दुपारच्या जेवणाच्या वेळेपर्यंत इंटरनेटवरून पाठवायचं. पाठवायची वेळ झाली की लाईन तुटते. अर्ध्या-पाऊण तासानं आपली आपण येते, तोवर काम हातचं गेलेलं असतं. कंपनीनं दोनदा ऐकून घेतलं. आता त्यांचं म्हणणं होतं, पुढच्या महिन्यापासून औरंगाबादला येऊन ऑफिसात बसा, तिथं पगारही बरा मिळेल. ते जमत नसेल तर काम सोडा.

"आणि तू जाणार?"

"काम सोडून भागायचं नाही काका. पोरीला घेऊन जावं लागंल. आत्याबाई येणार नाहीत, त्यांना हे घर सुटत नाही."

म्हणजे लाईन राहिली तर सून आणि नात घरात राहणार, नाही तर रामकिसनची आई, तुळजावैनी, एकट्या पडणार. तातेरावांनी डोक्यावर टोपी ठेवली आणि उठले.

"घरातलंच कोण, ते बोल की."

नंदानं मागं वळून आपल्या घराकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

२

घर साधं होतं. पुढं बैठक, मागच्या खोलीत कम्प्युटर, त्याच्या पलीकडे स्वयंपाकघर आणि अंगणातून गच्चीवर जाणारा जिना. रस्त्यावरच्या खांबावरून टेलिफोनची वायर गच्चीच्या कठड्यापर्यंत आलेली, तिथून खाली मागच्या खोलीत. पंचनामा करावा तसे तातेराव अंगणात उभे राहून वर बघत होते, तेवढ्यात वायरवर बसलेल्या कावळ्यानं त्यांच्या टोपीवर व्हायचं ते केलं. तातेरावांनी त्याला पोलिसी भाषेत दोन शब्द सुनावले आणि टोपी धुवायला नळाकडे गेले. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर शिजलेल्या भाताची चार शितं वाळून चिकटली होती. पोराबाळांचं घर, सांडायचंच, असं म्हणून त्यांनी ती पायानं बाजूला केली.

पहिली जबानी महेमूदची झाली. बसस्टँडजवळ त्याचं कम्प्युटरचं दुकान होतं आणि रामकिसनला हा कम्प्युटर त्यानंच दिला होता. दोघं एका वर्गातले. त्याला बोलावल्यावर तो दुकान तसंच टाकून आला.

"फौजदारसाब, मोडेम दोनदा बदलला, खोलीतली वायर पूरी नवीन टाकली," महेमूद म्हणाला. "टेलिफोनवाला बी येऊन गेला. त्यानं फोन लावून बघितला, आवाज बराबर. मशीन बिलकुल ठीक हाय."

"मग तुटते कशानं?"

महेमूद जरा घुटमळला. "मशीन बिघडलं तर कव्हाबी बिघडंल साब. सकाळी न्हाई, संध्याकाळी न्हाई, जेवायच्या टायमालाच बिघडतं म्हणजे... मला बोलायला बरं न्हाई वाटत. हे मशीनचं काम न्हाई. माणसाचं हाय."

३

शेजारी कडूबाचं वेल्डिंगचं दुकान होतं. ठिणग्या उडाल्या की गल्लीतल्या टीव्हीवर मुंग्या येत, त्यामुळं सगळ्यांचा पहिला संशय त्याच्यावर. कडूबानं शांतपणे हातातली जाळी खाली ठेवली आणि सांगितलं की महिनाभर दुपारी भारनियमन आहे, त्या वेळी तो बाजेवर झोपलेला असतो. नंदाचं मशीन इन्व्हर्टरवर चालतं, त्याचं वेल्डिंग चालत नाही. तातेरावांना हे आधीच सुचायला हवं होतं. त्यांनी कडूबाच्या हातचा चहा घेतला आणि त्याचं नाव मनातून काढलं.

राहिला कारभारी, रामकिसनचा थोरला भाऊ. तो बायकोपोरांसह शेतात राहायचा आणि दुपारी आईकडे जेवायला यायचा. म्हणजे वेळ बरोबर जुळत होती. कारणही होतं. घरच्या सुनेनं परगावी जाऊन नोकरी करायची हे त्याला पटत नव्हतं, आणि ते तो लपवतही नव्हता. भावाच्या माघारी त्याची बायको सांभाळली न्हाई असं लोक मलाच म्हणतेल, असं त्यानं तातेरावांना तोंडावर सांगितलं.

"मग तू लाईन तोडलीस?"

कारभारी हसला. त्याच्या हसण्यात राग नव्हता. "काका, माझ्यानं रेडिओचे सेल बदलायला होत न्हाईत. आन लाईन तुटली म्हणून तर ती जायला निघाली. मी कशाला तोडू?"

बोलणं खरं होतं. तरी तातेरावांनी त्याला सोडला नसता, पण संध्याकाळी नंदानं आणखी एक गोष्ट सांगितली. मागच्या आठवड्यात तुळजाबाई माहेरी, धावड्याला बारशाला गेल्या होत्या. दोन दिवस कारभारी रोजच्यासारखा जेवून गेला, नंदानंच त्याला वाढलं. त्या दोन्ही दिवशी लाईन एकदाही तुटली नाही.

"आणि वैनी परत आल्यावर?"

"आल्या त्याच दिवशी दुपारी तुटली," नंदा म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "काका, त्या मला कधी एक उणा शब्द बोलल्या नाहीत. हे गेल्यावर मला माझ्या आईनं धरलं नाही एवढं त्यांनी धरून ठेवलं. आता मला त्यांच्या हातचा घास गिळवत नाही. मला वाटतं, माझ्या कामाचं वाटोळं झालं की मी इथंच राहीन, असं त्यांच्या मनात असंल. त्यांना कुठं माहिती, कंपनी मला तिकडं बोलवंल म्हणून."

तातेरावांनी आयुष्यात खूप माणसं चौकीत आणून बसवली होती. तुळजावैनींना समोर बसवून विचारायचं, या कल्पनेनंच त्यांना रात्रभर झोप लागली नाही.

४

दुसऱ्या दिवशी ते सकाळीच जाऊन मागच्या खोलीत नंदाच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. तिथून मोडेमचा दिवाही दिसत होता आणि स्वयंपाकघरात वावरणाऱ्या तुळजाबाईही. नंदाच्या कानावर हेडफोन. एकदा ते चढले की तिला घरातलं काही ऐकू येत नसे, अंगणात कुणी आलं गेलं तरी पत्ता नसे.

दुपार झाली. कारभारी आला, पाय धुऊन बसला. तुळजाबाई स्वयंपाकघरातून हलल्या नाहीत. हिरवा दिवा जागच्या जागी जळत राहिला. जेवायची वेळ सरत आली आणि नंदानं दिवाळीपासून क्वचितच घडलेली गोष्ट केली, सगळं काम वेळेत पाठवून दिलं.

म्हणजे फौजदार समोर बसला म्हणून वैनी जपून राहिल्या. तातेरावांना तेवढ्यानं बसल्या बसल्या म्हातारपण आल्यासारखं झालं. तुळजाबाईंनी त्यांनाही पानावर बसवलं. ताटात भगर आणि शेंगदाण्याची आमटी होती. पोरीच्या ताटातही तेच, कारभाऱ्याच्याही. या घरात एकादशीला लहानथोर सगळ्यांना उपास, हे ते विसरूनच गेले होते. नंदा जेवता जेवता सहज म्हणाली, "मागच्या एकादशीलाही तुटली नव्हती. मी तेव्हा म्हटलं, पावला विठोबा."

तातेरावांचा हात ताटातच थांबला. मागच्या एकादशीला फौजदार इथं नव्हता. नंदाला संशय नव्हता. वैनी घरातच होत्या, आणि लाईन तोडायची असती तर त्यांना अडवणारं कुणी नव्हतं. म्हणजे तोडणं हा हेतू नव्हताच. या घरात रोज दुपारी काहीतरी होत होतं, वैनी गावाला गेल्या की होत नव्हतं, आणि त्या घरी असूनही एकादशीला होत नव्हतं.

एकादशीला या घरात काय होत नाही? त्यांनी ताटाकडे पाहिलं. भात होत नाही.

मग त्यांना ती जिन्याच्या पायरीवरची शितं आठवली, आणि धुतलेली टोपी आठवली. समोर तुळजाबाई आणखी भगर घ्या म्हणत होत्या. तातेरावांनी ताटावर हात आडवा धरला.

५

द्वादशीला ते कुणाला न सांगता गच्चीवर गेले आणि पाण्याच्या टाकीमागं जाऊन बसले. या वयात चोरासारखं दडून बसायची त्यांना लाज वाटत होती.

कारभाऱ्याचं पान मांडायच्या आधी तुळजाबाई जिना चढून वर आल्या. पायात चप्पल नव्हती. पदराखालून त्यांनी पितळी काढली. दहीभाताचा एक घास कठड्यावर ठेवला, बरोबर जिथं खांबावरची वायर येऊन टेकत होती तिथं, आणि चार पावलं मागं सरून उभ्या राहिल्या. कावळे वाटच पाहत असावेत. एक आला, मागोमाग तीन आले, मग मोजायची सोय राहिली नाही. माणूस अजून उभा आहे हे बघून ते सगळे वायरवर ओळीनं बसले, एकमेकांना ढकलत, पंख फडफडवत. वायर झोपाळ्यागत हलू लागली. कठड्याजवळ निळ्या पट्टीनं गुंडाळलेला तिचा जोड वरखाली होत होता.

खालच्या खोलीतून नंदाचा आवाज आला. "गेली."

तुळजाबाईंना तो ऐकू आला, पण त्याचा अर्थ लागला नाही. त्यांनी वळून पाहिलं तेव्हा तातेराव टाकीमागून उठले होते.

"भाऊजी? तुमी हितं काय करून राह्यले?"

"वैनी, हा घास रोज ठेवता?"

तुळजाबाईंनी पितळी पुन्हा पदराखाली घेतली. कावळे आता कठड्यावर उतरले होते.

"दहाव्याला तुमी व्हते की," त्या म्हणाल्या. "शिवला का कावळा? समदे बोलून बोलून थकले. कारभारी म्हनला, घर संबाळतो. मी म्हनले, तुझी पोरगी जपते. मामानं लगनाचा खर्चा कबूल केला. न्हाई शिवला. मंग दर्भाचा कावळा करून उरकलं. घाटावर बाया बोलायल्या का बायकोपायी जीव अडकला म्हून. नंदाच्या कानावर गेलं ते. त्या दिवसापून तिच्यासमोर मी कावळ्याचं नाव काढलं न्हाई. गुपचूप येते, ठेवते, जाते."

"आणि इथंच का ठेवता? एवढी गच्ची पडलीय."

तुळजाबाईंनी निळ्या पट्टीच्या जोडावर हात ठेवला. "रामकिसन हितं उभा व्हता. कम्पुटर मागच्या खोलीत न्यायचा व्हता, वायर पुरंना. मंग हितं उन्हात उभं ऱ्हाऊन दुसरी वायर जोडली त्यानं. मी खालून हाका मारायले, जेवायला ये म्हून. आलोच म्हनला. त्याच्या आठ दिसानं गेला."

तातेरावांनी टोपी काढून हातात घेतली. त्यांना जे कळलं होतं ते आता या बाईला सांगायचं होतं, आणि त्यापेक्षा वैनी खरंच गुन्हेगार निघाल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

६

महेमूदला बोलावून घेतलं. त्यानं वर जाऊन पट्टी सोडली. आतली तांब्याची तार पावसानं हिरवी पडली होती आणि पीळ सैल झाला होता. खाली मागच्या खोलीत सगळे जमले, आणि तातेरावांनी एकेक गोष्ट उलगडून सांगितली. कावळे बसले की जोड हलतो. फोनवर बोलताना नुसती खरखर होते, माणूस दोनदा हॅलो म्हणून भागवतो, म्हणून टेलिफोनवाल्याला दोष सापडला नाही. इंटरनेटला तेवढी खरखर सोसत नाही. भारनियमनात तुटायची म्हणून कडूबा नव्हे. वैनी धावड्याला गेल्यावर तुटली नाही, म्हणून कारभारी नव्हे. वैनी घरी असून एकादशीला तुटली नाही, म्हणून वैनींच्या मनातही काही नव्हतं. एकादशीला भात नाही, घास नाही, कावळेही नाहीत. आणि दिवाळीआधी कम्प्युटर झाकूनच ठेवलेला होता, म्हणून कुणाला कधी कळलं नाही.

तुळजाबाईंनी एवढंच विचारलं, "म्हंजे पोरीच्या कामात माझ्यानं खोडा पडला?"

नंदा उठली, सासूच्या पायाशी बसली आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडू लागली. मनात काय काय आणलं होतं ते तिनं सगळं बोलून टाकलं. तुळजाबाई तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या.

महेमूद म्हणाला, आत्ता नवा जोड कथलाचा डाग देऊन पक्का करतो, वायर बी कठड्याला खिळवतो, मंग गरुड बसला तरी हलणार न्हाई. कारभाऱ्याचा चेहरा उजळला. "मंग झालं की. आता कशाला जाती औरंगाबादला? जल्दी फोन करून सांग त्यास्नी, येत न्हाई म्हनावं."

सगळ्यांनी नंदाकडे पाहिलं. तिनं डोळे पुसले आणि हसायचा प्रयत्न केला. तातेरावांनी अशी तोंडं चौकीत पाहिली होती. सुटका झाल्याचं सांगितल्यावर माणूस असा दिसत नाही. ते काही बोलणार तोच तुळजाबाईंनी सुनेची हनुवटी वर केली.

"नंदा, तुला जायचं व्हतं का?"

"नाही आत्याबाई."

"खरं बोल. मी रागावत न्हाई."

नंदा फरशीकडे बघत बोलली. "कम्प्युटर आणला तेव्हा हे म्हणाले होते, तू शिकून घे, मग आपण औरंगाबादला खोली करू, पोरीला तिकडच्या शाळेत घालू. तुम्हाला सांगायचं त्यांच्यानं होत नव्हतं. माझ्यानं तर कसं व्हावं? लाईन तुटायला लागली, कंपनीनं बोलवलं, तेव्हा वाटलं, बरं झालं. आता मला तोंडानं सांगावं लागणार नाही. लाईनच सांगंल." ती थांबली. "काकांकडे गेले ती, लाईन तुम्ही तोडत नाही एवढंच कळावं म्हणून. दुरुस्त व्हावी असं माझ्या मनात नव्हतं."

तुळजाबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग त्या म्हणाल्या, "दहाव्याला समदे समदं कबूल झाले. हे तेवढं कुणी बोललंच न्हाई." आणि त्या उठून पानं मांडायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तातेरावांना मुद्दाम बोलावून गच्चीवर नेलं. घास यावेळी पलीकडच्या कोपऱ्यात ठेवला, वायरपासून लांब. मग हात जोडून, मोठ्यानं, घाटावर बोलतात तसं बोलल्या. "रामकिसन, नंदाला जाऊ देते. पोरीला शाळेत घालू दे. माझी काळजी करू नकू." रोजच्या त्या भुकेल्या कावळ्यांना दीड वर्षापूर्वीच्या घासाशी काही देणंघेणं नव्हतं. तुळजाबाईंचं बोलून व्हायच्या आत भात संपला होता.

७

नंदा आणि पोरगी गेली. कम्प्युटर मात्र नंदानं मागं ठेवला, वर कॅमेरा बसवून दिला. दर रविवारी दुपारी तातेराव येऊन मशीन चालू करून द्यायचे, तेवढं त्यांना महेमूदनं शिकवलं होतं. तुळजाबाई धुतलेलं लुगडं नेसून समोर बसायच्या. नात दिसायची, आजी, आजी म्हणायची. जेवलीस का, डोक्याला तेल लावती का, एवढंच तुळजाबाई विचारायच्या आणि नुसत्या बघत राहायच्या. लाईन एकदाही तुटली नाही.

उन्हाळा लागला तशी पोरगी तिकडं रमली. एका रविवारी ती सारखी मागं वळून बघत होती. तिच्या खोलीबाहेर कुणीतरी मैत्रीण उभी असावी, खेळायला चल म्हणत. तुळजाबाई तिला अंगणातल्या मांजरीला पिल्लं झाल्याचं सांगत होत्या.

"आजी, तुझा आवाज येत न्हाई," पोरगी मधेच म्हणाली. "नेट गेलं वाटतं." आणि पडदा काळा झाला.

तुळजाबाई तशाच पडद्याकडे बघत बसल्या. पिल्लांचं अर्धं सांगायचं राहिलं होतं.

"भाऊजी, पुन्हा कावळे बसले की काय?"

तातेरावांनी मोडेमकडे पाहिलं. हिरवा दिवा स्थिर जळत होता. ते उठले, गुडघ्यावर हात टेकत जिना चढून गच्चीवर गेले. ऊन रणरणत होतं. खिळवलेली वायर ताठ होती आणि तिच्यावर एकही पाखरू नव्हतं. तिथं ते थोडा वेळ उभे राहिले, मग खाली आले.

"हो वैनी," ते म्हणाले. "बसले होते. हाकलून आलो."